तारखेला दिलेलं घर

माझ्या कार्डावर पहिल्यांदा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ छापून आलं तेव्हा मी ती सगळी कार्डं शेठकडे परत घेऊन गेलो. म्हटलं, दुसऱ्या कुणाची माझ्याकडे आलीत. शेठ म्हणाले, तुझीच आहेत, ठेव खिशात.

आमचं काम म्हणजे लोकांच्या घराचं आतलं सगळं करून देणं. किचन, कपाटं, टाइल्स, बाथरूम, रंग. मी शेठकडे लागलो तो टेम्पो चालवायला. प्लायवुड आणून टाकायचं आणि झाडाखाली झोपायचं, एवढंच काम. मग एका साइटवर कारागीर ऐकेनात, तेव्हा शेठ म्हणाले, तुझा आवाज मोठा आहे, तू उभा राहा तिथे. तेव्हापासून उभाच आहे. नुसत्या आवाजावर माणूस किती वर चढतो ते बघायचं असेल तर मला बघा. शाळा सातवीत सुटली. मी सोडली असं मी सांगतो, शाळेचं म्हणणं वेगळं असेल. आमचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते. ते घोड्यावर बसायचे की घोड्याला पाणी पाजायचे, हे घरात कुणी स्पष्ट सांगत नाही. माझ्याकडे बघून मला तरी पाणी पाजायचे असंच वाटतं.

दिवाळीनंतर लाभपाचमेला आमच्याकडे, बडोद्यात, बंद ऑफिसं परत उघडतात. दरवर्षी शेठ नारळ फोडायचे, पेढा द्यायचे, पती गयुं, म्हणजे झालं, कामाला लागा. त्या वर्षी शेठची मुलगी बाहेरून शिकून आली होती. आम्ही सगळे तिला बेन म्हणतो. ती मला काका म्हणते, कारण ती लहान असताना मी तिला टेम्पोत पुढे बसवून फिरवलेलं आहे. तिने पेढे खाऊ दिले, मग सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. भिंतीवर पांढरा बोर्ड लावलेला.

“आ वर्षे बधाए पोताना गोल लखवाना छे,” ती म्हणाली. ह्या वर्षात कामात काय करून दाखवणार ते प्रत्येकाने लिहायचं.

माझ्या बाजूला नवीन लागलेला इंजिनियर बसला होता, डिग्रीवाला. तो लगेच लिहायला लागला. त्याचं पान भरलं तरी मी पेनाचं टोपण काढत होतो. शेवटी मी हात वर केला, शाळेत कधी केला नव्हता तेवढा उंच, आणि म्हटलं, बेन, मी उद्या लिहून आणतो. ती म्हणाली, काका, चालशे.

घरी बायको कणीक मळत होती. तिला विचारलं, “माझं ध्येय काय असेल ग?”

“जेवणे,” ती म्हणाली.

“तसं नाही, कामातलं.”

“मग जेवून परत साइटवर जाणे. ते जमलं तरी पुष्कळ आहे.”

लेक कॉलेजात जाते. ती म्हणाली, “बाबा, गोल असा पाहिजे की वर्ष संपल्यावर मोजता आला पाहिजे. झाला की नाही झाला, मधलं काही नाही.”

“कारागिरांवर ओरडणार नाही, असं लिहू?”

दोघी हसायला लागल्या. लेकीला हसता हसता ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हा ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरने आधी वाचलं. इंग्रजीत होतं. मला कळलं नाही पण सगळे माना हलवत होते, शेठसुद्धा. आणि शेठला माझ्यापेक्षा काही फार कळत नाही. तेव्हा माझी जी जळली ते खरं कारण, बाकी ध्येय-बिय काही नाही. ह्या पोराने मला मागे टाकू नये, एवढंच. माझी पाळी आली. उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, “ह्या वर्षी माझं प्रत्येक घर कबूल केलेल्या तारखेला हातात देणार. एकपण मागे नाही.”

आमच्या धंद्यात असं बोलणारा माणूस एकतर नवा असतो नाहीतर प्यायलेला. आणि गुजरातमध्ये आहोत, निदान सकाळी ऑफिसात तरी कुणी पीत नाही. बेनने टाळ्या वाजवल्या. बोर्डावर माझ्या नावासमोर लिहिलं. मी घरी जाताना छाती फुगवून गेलो. तारखेला घर देणं माझ्या हातात किती आहे, हा विचार त्या रात्री काय, पुढे बरेच दिवस आला नाही.

आता कुंभाचं सांगायला पाहिजे. गुजराती लोक नव्या घरात जायच्या आधी चांगला दिवस बघून कुंभ ठेवतात. पाण्याने भरलेला कलश, त्याच्यावर नारळ. घरची बाई तो डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडते, रसोड्यात नेऊन ठेवते, दिवा लावते. आपली वास्तुशांत निराळी, तिला होम पाहिजे, जेवणावळ पाहिजे. पण इतक्या पिढ्या बडोद्यात काढल्यावर आम्ही मराठी लोक दोन्ही करतो. आधी त्यांचा कुंभ, मग सवडीने आपली वास्तुशांत. पेढे दोनदा.

हिवाळ्यात एका घरी कपाटांची दारं लागायची होती, पण त्या लोकांना मुहूर्त चुकवायचा नव्हता. त्यांनी कुंभ ठेवला. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, नुसता आनंदाने. संध्याकाळी ऑफिसात गेलो तर बोर्डावर त्या घरासमोर हिरवी खूण. तारखेला दिलं! दारं पुढे कधीतरी लागली. बेनला सांगायला पाहिजे होतं. मी खुणेकडे बघितलं, इंजिनियरकडे बघितलं, आणि चहा प्यायला गेलो.

त्यानंतर मला कळून चुकलं की तारीख पाळायला कारागीर लागत नाही, गोर महाराज लागतो, म्हणजे भटजी. मी आमच्या भागातल्या एका गोर महाराजांशी दोस्ती केली. लोकांना मीच म्हणायचो, बघा, हा दिवस एकदम उत्तम आहे, महाराजांना विचारा. महाराज पंचांग उघडायचे आणि तोच दिवस उत्तम निघायचा, कारण सकाळी फोन मीच केलेला असायचा. किचनचं काम थोडंफार झालेलं असलं की पुरे, कुंभ तिथेच ठेवतात. बाकीचं घर फोटोत येत नाही. माझ्यासमोर हिरव्या खुणांची रांग लागली. इंजिनियर मला विचारायला लागला, “काका, तुमचं प्लॅनिंग कसं असतं?” मी म्हणायचो, “अनुभव.” आता आठवलं की कान गरम होतात.

निजामपुऱ्यात एक बाई होत्या. मराठी शाळेत शिकवायच्या, रिटायर झाल्या होत्या, सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची. मीपण बाईच म्हणायचो. त्या बोलायला लागल्या की आपोआप पाय जुळवून उभा राहायचो. त्यांचे मिस्टर, त्यांना मी काका म्हणायचो, बँकेत होते. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वॉकर घेऊन चालायचे, कसेबसे. जुनं घर तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ते विकून त्यांनी तळमजल्यावरचा जुना फ्लॅट घेतला आणि तो आम्हाला करायला दिला. त्यांना फॅन्सी काही नको होतं. बाई म्हणाल्या, “भाऊ, कपाटं कशीही चालतील. बाथरूम मात्र नीट पाहिजे. वॉकर आत जाईल एवढं दार, खाली उंबरा नको, आणि भिंतीला धरायला दांड्या. ह्यांना एकट्याने आत जाता आलं पाहिजे. मी धरून नेते ते त्यांना आवडत नाही.”

“झालंच समजा, बाई.”

“कधी समजू?”

मी म्हटलं, आखात्रीज. म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याहून चांगला दिवस कुठला! बाईंनी जुनं घर घेणाऱ्यांना तीच तारीख सांगितली. आमचे भाऊ तारीख पाळतात, असं म्हणाल्या म्हणे. माझ्याबद्दल असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

आमचे टाइल्सवाले दाहोदकडचे. होळीला गावी जातात. होळीनंतर तिकडे लग्नं सुरू होतात, ढोल वाजायला लागतात, मग ते येतात ते आपल्या मर्जीने. हे मला टेम्पो चालवायचो तेव्हापासून माहीत आहे. बडोद्यातल्या कुठल्याही कंत्राटदाराच्या कुत्र्यालापण माहीत असेल. तरी तारीख देताना मी कॅलेंडरात आखात्रीज बघितली, होळी बघितली नाही. ते गेले, आले नाहीत. फोन केला की मागे ढोलच ऐकू यायचा. “आवतीकाल, शेठ,” म्हणजे उद्या. असे पुष्कळ उद्या.

आखात्रीज जवळ आली तेव्हा किचनचा ओटा होता, पण सिंक नव्हतं, नुसतं भोक. बाथरूम म्हणजे उघडी वीट आणि पाइप. दाराची चौकट होती, दार नव्हतं. मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. बाईंना बसवून सांगायचं, जुन्या घराच्या लोकांकडून थोडी मुदत मागून घ्या. एक फोन. पण बोर्डावर माझ्या रांगेत एकपण लाल खूण नव्हती.

मी म्हटलं, “बाई, शुभ दिवस कशाला घालवता? कुंभ ठेवून घ्या. बाकी किरकोळ आहे.”

त्यांनी बाथरूमकडे बघितलं. “हे किरकोळ?”

“दोन-चार दिवसांचं काम, बाई.”

शिकवणाऱ्या बाई. पोराचं खोटं त्यांना लांबून कळत असणार. पण त्यांना मानायचं होतं, म्हणून मानलं. मी स्वतः खंडेराव मार्केटला जाऊन नारळ, फुलं, विड्याची पानं घेऊन आलो. एवढा धावलो की त्यांना वाटलं, काय माणूस आहे! बाई डोक्यावर कलश घेऊन आल्या, सिमेंटच्या गोण्यांमधून साडी सावरत. काका दाराशी खुर्चीत बसून बघत होते, आत आले नाहीत, कारण आत वॉकर चालवायला जागाच नव्हती. ओट्यावर कुंभ ठेवला. सिंकचं भोक फोटोत येत होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पोट कामाला आलं. सुताराने फोटो काढला.

गोर महाराज निघताना बाईंना म्हणाले, “हवे घर अंधारुं न राखता, बेन. रोज सांजे दीवो करजो.” कुंभ ठेवलेलं घर अंधारात ठेवायचं नसतं, रोज संध्याकाळी दिवा लावायचा. मी तेव्हा फोटो ग्रुपवर टाकत होतो. ऐकलं, पण कानाच्या बाहेरच्या बाजूने.

जुनं घर सोडावं लागलं. सामान माझ्या साइटवर एका खोलीत रचलं आणि काका-बाई करजणला, बडोद्याबाहेर तासाभरावर, काकांच्या धाकट्या भावाकडे राहायला गेले. दोन-चार दिवसांसाठी. माझे दोन-चार दिवस.

मग मी तिकडे फिरकलोच नाही. टाइल्सवाला नाही तर जाऊन करू काय, असं स्वतःला सांगायचो. एका संध्याकाळी सुताराचं काही सामान घ्यायला गेलो. दार उघडं. आत बाई प्लायवुडच्या थप्पीवर बसलेल्या, ओट्यावर दिवा लावलेला.

“बाई? तुम्ही इथे कशा?”

“बसने.”

“करजणहून? दिवा लावायला?”

“महाराज म्हणाले ना, घर अंधारात ठेवू नका.” त्यांनी पिशवीतून डबा काढला. “बरं झालं आलात. बेसनाचे लाडू आहेत. तुमच्यासाठी रोज आणत होते, तुम्ही भेटत नव्हतात. मग सुतारांना देऊन जायचे.”

सुतार कोपऱ्यात खाली मान घालून रंधा मारत होता. मला एका शब्दाने बोलला नव्हता. लाडू मात्र खात होता.

मी विचारलं, “काकांजवळ कोण असतं?”

“जाऊबाई आहेत. करतात बिचाऱ्या.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, “पण हे त्यांच्या हाताने बाथरूमला जात नाहीत. दिरांच्यापण नाही. लाजतात. मी निघाले की पाणी प्यायचं बंद करतात. मी परत जाईपर्यंत तसेच बसून.”

माझ्या तोंडात लाडू होता. तो ना गिळता येईना ना काढता येईना. मी काहीतरी विनोद करायला गेलो, मी नेहमी तसंच करतो, आणि तोंडातून बेसनच उडालं.

बाई म्हणाल्या, “त्यांना मी सांगितलंय, घर तयार आहे, फक्त रंगाचा वास जाऊ दे, तुम्हाला खोकला होईल. बाथरूमचं नाही सांगितलं. आशेवर आहेत ना.”

म्हणजे माझं खोटं आता त्या बोलत होत्या. शाळेत पोरांना खरं बोला, खरं बोला असं सांगून जन्म गेलेली बाई.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बोर्डावर हिरवी खूण आहे ना?”

“आहे.”

“मग झालं की. गोल झाला, जेवा आता.” आणि ताट असं ठेवलं की आमटी माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. म्हटलं, बाई, तुम्ही येऊ नका, दिवा मी लावतो.

“घरच्या माणसाने लावायचा असतो, भाऊ.”

“मी घरचाच ना.”

“तुम्ही आंघोळ करून याल का?”

मला वाटलं, थट्टा करतायत. साइटवरून संध्याकाळी मी जसा निघतो तसा देवासमोर उभा राहिलो तर देवच आंघोळीला जाईल. पण बाई गंभीर होत्या. मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सोसायटीच्या नळाखाली बनियनवर आंघोळ करायचो, वॉचमन आणि दोन म्हाताऱ्या बघत असायच्या, आणि मग ओल्या अंगाने जाऊन दिवा लावायचो. पहिल्या दिवशी काडी ओढली ती थिनरच्या डब्याजवळ. सुतार असा ओरडला की माझा आवाज मोठा नाही हे मला त्या दिवशी समजलं. मला साधा दिवा लावता येत नाही, हेपण. वात तेलात बुडून विझायची. सुताराने लावून दाखवली.

दिवा लागला की फोटो काढून बाईंना पाठवायचो, वर फोन करून विचारायचो, जेवलात का, बरं आहे का. त्या फोटो काकांना दाखवायच्या. मला बरं वाटायला लागलं होतं, ते सांगायला हवं. हेच माझं वाईट. चार दिवस दिवा लावला आणि मी मनात स्वतःला माफ करून मोकळा झालो. टाइल्सवाल्याला फोन करणंपण कमी झालं.

एक दिवस फोन आला. बाईंचा नंबर, पण आवाज काकांचा. झटक्यामुळे शब्द तोंडात अडकत यायचे, सावकाश बोलायचे.

“भाऊ, दिवा छान आहे.”

“हो ना, काका.”

“दिव्याच्या मागे ते काय आहे? बाथरूम आहे की गुहा?”

मी फोटो उघडून बघितला. ओट्याच्या मागे पॅसेज, पॅसेजच्या टोकाला दार नसलेली चौकट आणि आत उघडी वीट. कुंभाच्या फोटोत समोर पोट होतं. दिव्याच्या फोटोत मी कॅमेऱ्यामागे होतो.

“ही म्हणते रंगाचा वास आहे,” काका म्हणाले. “तिला मी विचारणार नाही. तुम्ही सांगा. मी कधी येऊ?”

जिभेवर होतंच, दोन-चार दिवस. इतक्या वर्षांची सवय, आपोआप येतं. मी म्हटलं, “काका, माझ्याकडे तारीख नाही. टाइल्सवाला गावाला आहे. तो तेव्हापण नव्हता. मला माहीत होतं.”

पलीकडे वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

“काका?”

“आहे,” ते म्हणाले. “जरा बसलोय.” आणि मग, “मला एवढंच सांगायचं होतं की तिला रोज विचारू नका, जेवलात का, बरं आहे का. तुमच्याशी बोलून झालं की ती हसून येते आणि मला आणखी खोटं सांगते.”

पाच-सहा दिवसांनी ऑफिसात मीटिंग होती. अर्धं वर्ष झालं होतं, गोल कुठवर आले ते बघायचं होतं. इंजिनियरच्या दोन खुणा लाल. माझ्या सगळ्या हिरव्या. बेन म्हणाली, “काका, बोलो ने. बधाने कहो, तमे केवी रीते कर्युं.”

सगळ्यांना सांगा, कसं केलंत. मी उभा राहिलो. ठरवून आलो होतो. तोंड उघडलं आणि विनोद बाहेर आला: “मी काय केलं? मी नारळ आणले.” सगळे हसले. शेठ तर टेबलावर हात मारून. मी परत सुरू केलं, परत काहीतरी गमतीचं निघालं, परत हसले. माझं असं आहे, रडायला गेलो तरी लोक टाळ्या देतात. शेवटी मी बोर्डापाशी गेलो आणि निजामपुऱ्याची हिरवी खूण हाताने पुसली. तळहात हिरवा झाला. तेव्हा हसणं थांबलं.

मी सांगितलं. बाथरूम, करजण, बस, पाणी न पिता बसलेले काका. नीट सांगता आलं नाही, मध्ये मध्ये तुटत होतं.

बेनने विचारलं, “आ एक ज, के बीजां पण?”

“बाकीचीपण. सगळी नाही. पुष्कळ.”

शेठ म्हणाले, “अरे, आपणे तो आखी जिंदगी कुंभने ज हॅन्डओव्हर गण्यो छे. आमां नवुं शुं?” ते मला वाचवत होते. आणि ते खरंपण होतं. कुंभ ठेवला की घर दिलं, असंच आम्ही सगळे मानत आलो. पण शेठनी ते कधी ध्येय म्हणून बोर्डावर लिहिलं नव्हतं. मिरवलं मी.

बेन मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डस्टर घेतलं आणि मला म्हणाली, काका, मग तुम्हीच सांगा, घर दिलं कधी म्हणायचं?

मी म्हटलं, “ज्या दिवशी घरचा माणूस तिथे आंघोळ करेल.”

कुणीतरी फिसकन हसलं. बेनने तसंच लिहून घेतलं. मग म्हणाली, आणि तुमचा गोल? मी हिरवा तळहात पँटला पुसला. म्हटलं, “तारीख देण्याआधी टाइल्सवाल्याला विचारणार, गावी लग्न कधी आहे.” ते मोजता येतं का म्हणून तिने विचारलं नाही. इंजिनियरने मात्र आपल्या वहीत लिहून घेतलं, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या लाल खुणा खऱ्या होत्या.

टाइल्सवाले तरी नव्हतेच. टाइल्स लावणारा एकच माणूस मागे राहिला होता, तो दुसऱ्या एका घरी लागलेला, कारेलीबागेत. मी त्याला तिथून उचलला आणि निजामपुऱ्यात आणला. म्हणजे एका घराचं पाप उचलून दुसऱ्या घराच्या दारात ठेवलं. कारेलीबागेच्या बेनना मी स्वतः जाऊन सांगितलं, तुमचं काम थांबणार, कारण चूक माझी दुसरीकडे झालीय. त्यांनी मला जे ऐकवलं ते गुजरातीत होतं आणि मला प्रत्येक शब्द कळला. पुढे रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. मी उचलायचो. ऐकून घ्यायचो.

टाइल्स लागल्या. दांड्या लागल्या. मी स्वतः त्यांना लटकून बघितलं, माझं वजन पेललं म्हणजे हत्तीचं पेलेल. उंबरा काढला. चौकट मोठी करून नवं दार लावलं. आणि एके दिवशी सकाळी व्हॅन करून काकांना करजणहून आणलं. बाईंनी औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. काका म्हणाले, “ते नंतर.” कुंभाकडेपण बघितलं नाही. वॉकर टेकत टेकत सरळ पॅसेजमधून बाथरूमपर्यंत गेले. बाई मागे धावल्या. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. एकटे आत गेले.

आम्ही बाहेर. बाईंच्या हातात ताट तसंच. आतून नळाचा आवाज आला, बादलीत पाणी पडायला लागलं. बाईंनी डोळे पुसले. मी पण पुसणार होतो.

“भाऊ!” आतून काका.

“हो, काका!”

“कडी लागत नाही.”

खरंच लागत नव्हती. दार नवं, कडी मात्र जुनीच लावली होती, खाच कुठे आणि कडी कुठे. दार सोडलं की आपोआप उघडत होतं. सगळं बघितलं, दांड्यांना लटकून बघितलं, दार लावून कुणी बघितलं नाही.

“काका, आत्ता सुताराला बोलावतो, दोन—” पुढचं मी गिळलं.

“मला आत्ता आंघोळ करायचीय,” काका म्हणाले.

म्हणून मी दार बाहेरून ओढून मूठ धरून उभा राहिलो. बाई आत किचनमध्ये गेल्या, त्यांना हसू येत होतं की काय ते मला दिसलं नाही. खिशात फोन वाजायला लागला, कारेलीबागेचा असणार, वेळ तीच होती. मूठ सोडली तर दार उघडतं. वाजू दिला. आतून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग परत पाणी.

“भाऊ, गेलात का?”

“नाही, काका. दार धरलंय.”

“धरा,” ते म्हणाले. “मला वेळ लागेल.”